पाणी नदीला मिळण्याआधी

महाराष्ट्रात नदी म्हटली की तिच्या काठचे गाव डोळ्यांसमोर येते. गोदावरीने पैठण आणि नाशिक दिले, कृष्णेने वाई, भीमेने पंढरपूर. गाव नदीकाठी वसते, घाट बांधते, देऊळ उभारते, बाजार भरवते, हा क्रम आपल्या इतक्या अंगवळणी पडला आहे की तो पडताळून पाहावा असे कुणाला वाटत नाही. गोंदिया जिल्ह्याच्या नकाशावर मात्र हा क्रम जुळत नाही. वाघ, पांगोली, चुलबंद, गाढवी या चार नद्यांच्या रेघांवरून बोट फिरवत गेले तर लहानसहान खेडी, मासेमारी करणाऱ्या ढिवरांचे मोहल्ले आणि रस्त्याचे पूल लागतात, नदीवर पोसलेले मोठे गाव सहसा लागत नाही. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव ही आठ तालुक्यांची ठाणी. यातले एकही नदीचा घाट म्हणून वाढलेले नाही. बरे, जिल्हा काही कोरडा नाही. वर्षाला सरासरी बाराशे ते चौदाशे मिलिमीटर पाऊस पडतो, धानाशिवाय दुसरे पीक मनात आणायचे नाही अशी इथली शेती. मग एवढे पाणी असून गावे नदीपासून बाजूला का बसली? माझे उत्तर असे की इथली वस्ती नदीने वसवलेलीच नाही. पाणी नदीला मिळण्याआधी ते जिथे अडवता आले तिथे गाव बसले, आणि नदी उरली ती अडवून शिल्लक राहिलेल्या पाण्याची. गेल्या तीनशे वर्षांतला या मुलखाचा बराचसा इतिहास या एका गोष्टीतून उलगडतो, आणि आजचे कित्येक तंटेही.

आधी जमिनीची ठेवण पाहू. सिवनी जिल्ह्यात मुंडारा गावाजवळ उगम पावलेली वैनगंगा बालाघाटवरून येते आणि गोंदिया जिल्ह्याला उत्तर-पश्चिमेकडून वळसा घालून भंडाऱ्याकडे जाते. तिथून दक्षिणेला वळून पवनी, वडसा, आरमोरी असा प्रवास करते. जिल्ह्याच्या मधून गायखुरी, नवेगाव, प्रतापगड अशा तुटक टेकड्यांची रांग गेली आहे. तिच्या उत्तरेला पडलेला पाऊस पांगोली आणि वाघ नदीतून वर जातो, दक्षिणेला पडलेला चुलबंद आणि गाढवीतून खाली. चिचगडच्या डोंगरात उगम पावणारी वाघ नदी बराच काळ महाराष्ट्राची मध्य प्रदेश आणि छत्तीसगडशी असलेली शीव होऊन वाहते आणि जिल्ह्याच्या उत्तरेला वैनगंगेला मिळते. गाढवी तीच वैनगंगा गाठते, पण कितीतरी खाली, गडचिरोली जिल्ह्यात आरमोरीजवळ. एकाच टेकडीच्या दोन उतारांवरचे पाणी असे दोन दिशांना जाऊन लांबच्या फेऱ्याने पुन्हा एका पात्रात येते. या चारही नद्यांचा जिल्ह्यातला प्रवास लहान आहे, आणि त्यांच्या तळाशी कठीण, जुना खडक आहे. भूगर्भशास्त्रात आमगाव नाइस आणि साकोली समूह ही नावे रूढ झाली ती याच मुलखावरून. पश्चिम विदर्भासारखी कापसाच्या काळ्या जमिनीची जाड थरावर थर अशी साठवण इथे नाही. खडक पाणी धरत नाही, माती फार खोल नाही, उतार आहे. म्हणून पावसाळ्यात नदी दोन दिवसांत पात्र सोडते आणि होळीपर्यंत तिच्यात वाळू आणि डोह तेवढे उरतात.

आता या जमिनीवर धान लावून बघा. धानाला वाहते पाणी नको, उभे पाणी हवे. त्यासाठी उतारावर पायऱ्यांसारख्या बांध्या काढायच्या, प्रत्येक बांधीला धुरा घालायचा आणि पावसाचे पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत मुरवत न्यायचे. जुलैत पऱ्हे उपटून रोवणी होते, ऑगस्टमध्ये पाऊस साथ देतो. खरी परीक्षा सप्टेंबरच्या शेवटी आणि ऑक्टोबरात. भारी धान तेव्हा गर्भात असतो, लोंबी बाहेर पडायची असते आणि नेमका पाऊस पाठ फिरवतो. त्या पंधरा-वीस दिवसांत एक किंवा दोन पाणी मिळाले तर कोठी भरते, नाही मिळाले तर तणीस हाती येते. त्या दिवसांत नदी कुठे असते? पूर ओसरून ती बांध्यांच्या पातळीच्या पुष्कळ खाली, आपल्या खोल पात्रात गेलेली असते. मोटेने किंवा पुढे इंजिनाने काठच्या चार शेतांना पाणी देता येईल, अख्ख्या गावच्या शिवाराला नाही. शिवाय काठावरची कछारी जमीन रब्बीला चांगली असली तरी पुरात पहिली तीच जाते. धानाचे गाव वसवणाऱ्याला म्हणून नदीपेक्षा वर, उताराच्या खांद्यावर जागा हवी होती: जिथे दोन टेकाडांच्या मधून एखादा नाला उतरतो, त्याच्या तोंडाशी पाळ घातली की पाणी शेताच्या वर राहते आणि आपल्या वजनाने खाली येते. इथली माती सिहार, मोरंड, खरडी, बरडी अशा प्रतवारीत ओळखली जाते. सिहार जमीन पाण्याशिवाय फारशी कामाची नाही, पाणी मिळाले की धानासाठी तिच्यासारखी नाही. अशा मातीचा कस पाळ घातल्यावरच दिसायचा.

असा एक तलाव जवळून पाहिला की त्यामागची अक्कल ध्यानात येते. खालच्या अंगाला मातीची पाळ, आतल्या बाजूने दगड लावून धूप थांबवलेली. पाळीत तुडूम, म्हणजे वेगवेगळ्या उंचीवर भोके असलेली उभी मोरी. तलाव भरलेला असताना वरचे भोक उघडायचे, पाणी उतरत गेले की त्याखालचे. यामुळे पाण्याचा दाब मोरीवर एकदम येत नाही आणि तळाचे गार, गढूळ पाणी पिकावर जात नाही. एका बाजूला, पाळीपेक्षा थोडी खाली, सलंग. जास्तीचे पाणी तिथून बाहेर पडते आणि पुढच्या गावच्या तलावात किंवा बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, जाते. असे पाच-सहा तलाव एकाखाली एक गुंफलेले असतात आणि अगदी शेवटच्याचे पाणी नाल्याला, नाल्याचे नदीला. गावाची मांडणीही यावरून ठरते. पाळीच्या जवळ पण वरच्या कोरड्या जागी घरे, पाळीखाली बांध्या, पलीकडे गुरांसाठी आणि घरवापरासाठी वेगळी बोडी, वरच्या पाणलोटात जंगल. जंगल तोडले तर तलाव गाळाने भरतो, हे कळायला कुणाला परिषद भरवावी लागली नव्हती. लोकसंख्या वाढली की मूळ गावापासून कोस-अर्ध्या कोसावर नवी बोडी खोदून नवा टोला वसायचा. जिल्ह्यात टोले इतके का, याचे कारण इथे आहे. नदीकाठचे गाव वाढते तेव्हा एकाच जागी दाट होते, तलावाचे गाव वाढते तेव्हा फुटते. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याच्या सुमारे १३ लाख २२ हजार लोकसंख्येतले ८३ टक्के लोक खेड्यांत राहत होते. याला उद्योगांचा अभाव हे एक कारण आहेच, पण वस्ती विखरून ठेवणारी ही जुनी घडणही आहे.

हे कुणी केले? आजच्या जाती-जमातींत सगळ्यांच्या आधी इथे गोंड होते. सालेकसा तालुक्यातले कचारगड हे माघ पौर्णिमेला लाखो गोंडांना एकत्र आणणारे श्रद्धास्थान आहे, आणि ते नदीच्या संगमावर नाही, दरेकसाच्या डोंगरातल्या गुहेत आहे. त्याही आधीच्या वस्तीची खूण तिलोता खैरीच्या महापाषाण स्मारकांत आहे. पण गोंडांची शेती बहुतांशी डोंगरउतारावरची, बेवर, म्हणजे फिरत्या शेतीच्या पद्धतीची होती. एका जागी पिढ्यान् पिढ्या उभे पाणी धरून ठेवण्याची तिला निकड नव्हती. ती निकड कोहळी, पोवार, लोधी, कुणबी अशा नंतर आलेल्या शेतकरी जातींनी आणली. दक्षिणेकडे, म्हणजे आजच्या अर्जुनी मोरगाव, साकोली, लाखांदूर या पट्ट्यात कोहळी पसरले. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांनी, जो जंगल तोडून गाव वसवील त्याला पाटीलकी आणि जो तलाव बांधील त्याला त्याखालची जमीन, अशी बोली केल्याची परंपरा सांगितली जाते. कोहळ्यांची ओळख धानाइतकीच उसाचीही होती. ऊस बारमाही पाणी मागतो, म्हणून त्यांचे तलाव ऑक्टोबरच्या एका पाण्यापुरते बेतलेले नव्हते, मोठे आणि खोल होते. आज त्या तलावांखाली ऊस फारसा दिसत नाही आणि त्यामुळे हे तलाव एवढे मोठे कशासाठी बांधले होते, हा प्रश्न पडतो. उत्तरेकडे तिरोडा, गोंदिया, गोरेगाव, आमगाव भागात पोवारांचे प्राबल्य. ते आपले मूळ माळव्यात धारला सांगतात. रामटेकजवळच्या नगरधनमार्गे आले आणि नागपूरच्या भोसल्यांच्या कटक मोहिमेतल्या चाकरीबद्दल वैनगंगेच्या खोऱ्यात जमिनी मिळाल्या, अशी त्यांची परंपरा आहे. दोन वेगळ्या दिशांनी, वेगळ्या राज्यकर्त्यांच्या आश्रयाने आलेल्या या जातींनी वसतीसाठी निवड मात्र एकाच प्रकारच्या जागेची केली. जातीच्या परंपरेपेक्षा जमिनीचा हुकूम मोठा होता, याला यापेक्षा चांगला पुरावा सापडणार नाही.

यावर कुणी म्हणेल की ही कथा कोहळी-पोवारांच्या पाटलांनी स्वतःसाठी रचलेली आहे. आक्षेपात तथ्य आहे. नवेगावबांधचे उदाहरण घ्या. सात टेकड्यांच्या कोंदणातला तो विस्तीर्ण जलाशय अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी याने बांधला असे मानतात; पुढे त्याला देवपण आले, कोलासूर म्हणून त्याची पूजा होते, टेकड्यांना सात बहिणी म्हणतात आणि बांध घालायला त्यांनी हात दिला अशी आख्यायिका आहे. पाटील देव झाला, टेकड्या बहिणी झाल्या. ज्यांनी टोपल्यांनी माती वाहिली ते गोंड, महार, ढिवर, बेलदार मजूर कथेत कुठेच नाहीत. बांधणाऱ्यांची नावे म्हणून जपलेली ही परंपरा प्रत्यक्षात बांधवून घेणाऱ्यांची आहे, हे मान्य करायलाच हवे. पण त्याने मूळ मुद्दा बाधत नाही, उलट नेमका होतो. नदीचा घाट बांधायला राजा किंवा सावकार लागतो, तलाव बांधायला गावावर हुकमत असलेला माणूस लागतो. तलावावर वसलेल्या गावात पाण्याची मालकी आणि माणसांवरची सत्ता एकाच हातात आली, आणि पुढच्या दोन शतकांचे राजकारण त्यावर चालले. १८१८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठलेला कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल हा नदीच्या एखाद्या किल्ल्याचा धनी नव्हता. त्याचे बळ होते तलाव आणि धानाच्या गावांच्या जाळ्यात. कामठा, आमगाव, चिचगड, पुराडा, तिरखेडी, दरेकसा या जमीनदाऱ्यांच्या गाद्यांपैकी किती नद्यांच्या काठी होत्या, हे मोजायला एका हाताची बोटेही जास्त होतील.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. वैनगंगेच्या काठी पवनी आहे. तिथे १९६९-७० मध्ये शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी केलेल्या उत्खननात मोठा बौद्ध स्तूप सापडला. दोन हजार वर्षांपूर्वी ते नांदते नगर होते. भंडाराही वैनगंगेवरच. मग नदीने वस्ती वसवली नाही असे कसे म्हणता येईल? याचे उत्तर नदीच्या दोन भूमिका वेगळ्या केल्या की मिळते. पवनी खाली आहे, जिथे वैनगंगा उपनद्यांचे पाणी घेऊन मोठी झाली आहे, काठाला काळी जमीन आहे आणि व्यापाराची वाट नदी ओलांडते. ते नाक्यावरचे नगर आहे. भंडाऱ्याला जिल्ह्याचे ठाणे १८२०-२१ च्या सुमारास आले; त्याआधी ते होते लांजीला, आज बालाघाट जिल्ह्यात असलेल्या जुन्या गोंड किल्ल्यात. म्हणजे खुद्द वैनगंगेच्या मुलखाचा कारभारही नदीपासून दूर बसून चालत होता आणि इंग्रजांनी तो नागपूरच्या वाटेवर आणला. शिवाय एक-दोन नगरे म्हणजे वस्ती नव्हे. वस्तीचा इतिहास सांगायचा तर शेकडो खेड्यांचा सांगावा लागतो, आणि ती खेडी वरच्या नाल्यांवर आहेत.

मग नदीने काहीच केले नाही का? केले, पण ते दुसऱ्याच माणसांसाठी. नदी ढिवरांची, केवटांची होती. पावसाळ्यात डोंगा, हिवाळ्यात जाळे, उन्हाळ्यात वाळूत खड्डे करून लावलेल्या डांगरवाड्या, असा त्यांचा वर्षाचा फेरा. वैनगंगेच्या आणि वाघ नदीच्या वाळूतली टरबुजे-डांगरे ही जमीन नसलेल्यांची शेती होती, कारण पात्राचा सातबारा कुणाच्या नावे नसतो. ज्यांना तलावाखाली बांधी मिळाली नाही, त्यांना नदी मिळाली. जिल्ह्याचा सामाजिक नकाशा म्हणून पाण्याच्या उंचीप्रमाणे वाचता येतो: वर पाळीवर पाटील, मध्ये बांध्यांवर कूळ, खाली पात्रात ढिवर. नदीने आणखी एक काम केले, सीमा आखण्याचे. वाघ नदीच्या एका तीरावर महाराष्ट्र, दुसऱ्यावर मध्य प्रदेश किंवा छत्तीसगड. पण दोन्ही तीरांवर पोवारी, गोंडी, मराठी आणि छत्तीसगढी ढंगाची हिंदी सारखीच ऐकू येते आणि सोयरिकी पूल न मोजता होतात.

रेल्वेने या घडणीवर दुसरा थर चढवला. १८८० च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे लोहमार्ग गेला, पुढे तो बंगाल नागपूर रेल्वेकडे आला. १९०३ ते १९०५ या काळात गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरला छोटी लाइन निघाली आणि त्यानंतर काही वर्षांत दक्षिणेला नागभीड-चांद्याकडे दुसरी. विसाव्या शतकाच्या आरंभी भंडारा जिल्ह्याच्या तहसिली तीनच होत्या: भंडारा, तिरोडा आणि साकोली. गोंदियाचे नाव त्यात नव्हते. चार दिशांचे रूळ एकत्र आल्यावर ते गाव धानाच्या गिरण्या, तेंदूपत्ता आणि बिडीच्या जोरावर सगळ्यांच्या पुढे गेले आणि १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा जिल्हा झाला तेव्हा त्याच्याच नावाने झाला. पांगोली शहराच्या बाजूने वाहते, पण गोंदियाच्या वाढीत तिचा वाटा नगण्य आहे. तलावांच्या गावांत पिकलेले धान एका ठिकाणी आणून पुढे पाठवायला नाका हवा होता, तो रुळांनी दिला. नदीने दिला नाही, कारण नदीतून मालवाहतूक करण्याजोगे पाणीच वर्षातले चार महिने सोडले तर नसते.

इंग्रज सरकारने सिंचनात हात घातला तो १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनंतर. बोदलकसा (१९१७) आणि चोरखमारा (१९२३) हे तिरोड्याकडचे जलाशय त्या काळातले. त्यांत नवे काय होते? आकार आणि अभियंत्याचा शिक्का. जागा मात्र कोहळ्यांनी निवडली असती तीच, टेकड्यांच्या खिंडीत.

स्वातंत्र्यानंतरचा पहिला धक्का कायद्याचा होता. तेव्हाच्या मध्य प्रदेशच्या मालकी हक्क निर्मूलनाच्या १९५० च्या कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी, म्हणजे सारा भरणाऱ्या गावमालकांची पद्धत, आणि जमीनदारी संपली. पूर्व विदर्भातले सहा-सात हजार तलाव सरकारकडे आले आणि कागदावर त्यांना माजी मालगुजारी, म्हणजे आजच्या बोलीत मामा तलाव, हे नाव पडले. गंमत अशी की मालगुजार ही संस्थाच मुळी १८६० च्या दशकातल्या बंदोबस्ताने पक्की केलेली; त्यातले पुष्कळ तलाव मालगुजारांहून जुने आहेत. मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे, लहान पुढे जिल्हा परिषदेकडे गेले. जुन्या वाजिब-उल-अर्जात आणि निस्तार पत्रकात गावकऱ्यांचे पाण्यावरचे, मासळीवरचे, गुरांच्या वाटेवरचे हक्क लिहिलेले होते. नव्या व्यवस्थेत पाणीपट्टी आली आणि ज्याला हक्क समजत होतो त्याचे पैसे का द्यायचे, हा वाद सुरू झाला. पाळीला भगदाड पडले की बुजवायचे कुणी हे ठरेना. गाळ साचला, पोटात अतिक्रमणे झाली, बेशरमाच्या झुडपांनी काठ व्यापले. यावरून एक हळवा निष्कर्ष नेहमी काढला जातो, की मालगुजाराचा काळ चांगला होता, सरकारने वाटोळे केले. तो मला पटत नाही. मालगुजाराच्या तलावाचे पाणी आधी त्याच्या सीर आणि खुदकास्त, म्हणजे घरच्या कसणुकीच्या, जमिनीला जायचे, कुळाच्या बांधीला उरलेसुरले. पाळीची डागडुजी उन्हाळ्यात वेठीने व्हायची. १९५१ नंतर वेठ बंद झाली, हे चांगलेच झाले. वाईट हे झाले की वेठीने होणारे काम मजुरी देऊन करायची तजवीज कुणी वेळेत केली नाही. अलीकडे गाळमुक्त धरण, मामा तलाव दुरुस्ती अशा योजनांतून ती होते आहे, पण गाळ किती काढला हे घनमीटरमध्ये मोजले जाते आणि तुडूम कुणी कधी उघडायचे हे कुठेच लिहिलेले नसते.

तिसरा आणि सगळ्यांत ठाशीव आक्षेप १९७० सालाचा. त्या सुमारास गाढवीवर गोठणगावजवळ इटियाडोह, आणि वाघ नदीवर देवरीकडे सिरपूर व खाली पुजारीटोला ही धरणे उभी राहिली. कालीसरार धरण त्याच वाघ प्रकल्पातले. इटियाडोहचे पाणी गोंदिया, भंडारा आणि गडचिरोली अशा तीन जिल्ह्यांत कालव्याने जाते, वाघ प्रकल्पाचे पाणी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश वाटून घेतात. आता तरी नदी केंद्रस्थानी आली, असे म्हणायला हरकत नसावी. पण इटियाडोहची भिंत पाहा. सुमारे पाचशे मीटर लांब आणि तीसेक मीटर उंच. इतक्या आखूड भिंतीमागे एवढे पाणी मावते ते केवळ दोन टेकड्या जवळ आल्यामुळे. म्हणजे हे धरण नदीचे असले तरी त्याची जात तलावाची आहे. पाळ घालायची, पाणी शेताच्या वर धरायचे, उतारावरून सोडायचे. जुन्या तर्काला नव्या यंत्राचे हात लागले, एवढेच. फरक पडला तो हुकमतीत. तलावाचे पाणी गावातला पाणकर सोडायचा, कालव्याचे पाणी कार्यालयातून सुटते. कालव्याच्या शेपटाकडच्या गावांनी म्हणून आपले तलाव पूर्णपणे कधीच सोडले नाहीत, आणि जिथे कालव्याच्या पाण्याने मधला तलाव भरून घेण्याची रीत पडली तिथे दोन्ही व्यवस्था बऱ्या चालतात. याच धरणाच्या आसमंतात वस्तीचा आणखी एक अंक घडला, ज्याची दखल जिल्ह्याबाहेर फारशी घेतली जात नाही. १९७२ मध्ये प्रतापगड-गोठणगाव परिसरात तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग वसाहत झाली. त्याच तालुक्यात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची अरुणनगर, गौरनगर, पुष्पनगर अशी गावे वसली. डोंगरपठारावरचे तिबेटी आणि नद्यांच्या देशातले बंगाली, दोघेही सरकारने नेमून दिलेल्या जागी धान पिकवू लागले. बंगाली कुटुंबांनी मासळीचे नवे तंत्र आणले, तिबेट्यांनी हिवाळ्यात शहरोशहरी लोकरी कपडे विकण्याची जोड धरली. नदीचा पूर्वापार संस्कार असलेल्या माणसांनाही इथे नदीकाठ नव्हे, जलाशयाचा शेजार मिळाला.

खुद्द वैनगंगेकडे जिल्हा वळला तो फार उशिरा, आणि विजेच्या जोरावर. तिरोडा तालुक्यातली धापेवाडा उपसा सिंचन योजना नदीचे पाणी पंपांनी वर चढवते; जे पाणी उतारावरून खाली यायचे ते आता खालून वर जाते. तिरोड्याचा ३३०० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्पही वैनगंगेच्याच पाण्यावर चालतो. पात्रातल्या रेतीला बांधकामामुळे भाव आला आणि डांगरवाडीच्या जागी रेतीघाटाचे लिलाव आले. ज्या नदीला गावांनी तीनशे वर्षे पाठ दिली होती ती अचानक सगळ्यांना हवी झाली. तिचे भय मात्र जुनेच राहिले. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वरून, सिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवरातून, पाणी सोडले गेले आणि वैनगंगा, वाघ यांच्या काठची गावे बुडाली. भंडाऱ्यात तर अर्ध्या शहरात पाणी होते. खाली गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्याने पाण्याला उतरायला वेळ लागला. पाटलांनी पाळ वर का बांधली आणि घरे तिच्याही वर का ठेवली, हे त्या आठवड्यात नव्याने समजावून सांगावे लागले नाही.

सध्याचा पेच नदीत नाही, तलावातच आहे, आणि तो शेतकरी, ढिवर व पक्षी यांच्यातला आहे. महाराष्ट्रात सारस क्रौंच टिकून आहे तो मुख्यतः गोंदिया, भंडारा आणि पलीकडच्या बालाघाटच्या पट्ट्यात. परसवाडा, झिलमिलीसारखे तलाव आणि वाघ-वैनगंगेच्या काठची धानशेती हा त्याचा संसार. त्याला उथळ पाणी आणि पाणगवत लागते, शेतकऱ्याला ऑक्टोबरात शेवटच्या भोकापर्यंत तुडूम उघडून हवा असतो, आणि ज्या सहकारी संस्थेने मासळीचा ठेका घेतला आहे तिला मे महिन्यापर्यंत तळाशी पाणी हवे असते. रोहू-कतल्याचे बीज सोडल्यावर मरळ, शिंगूर असे गावठी मासे आणि त्यांना लागणाऱ्या पाणवनस्पती मागे पडल्या. अर्जुनी मोरगाव भागात ढिवर समाजातल्या स्त्रियांनी काही तलावांत बेशरम उपटून, स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावून गावठी मासळी परत आणण्याचे काम केले आहे, आणि ते चालले आहे. अडचण अशी की आज एकाच तलावाची पाळ जिल्हा परिषदेच्या लघुसिंचन विभागाची, मासळी मत्स्य विभागाच्या नियमांखालची, पोटातली जमीन महसूल खात्याच्या नोंदीतली आणि निस्तार ग्रामपंचायतीचा. पूर्वी या चारही हक्कांचे प्रश्न एका पाटलाच्या ओट्यावर सुटायचे, अन्यायाने का होईना. आता तुडमाचे कुठले भोक कोणत्या तारखेला बंद करायचे हे ठरवायला या चौघांना एका बैठकीत आणावे लागते, आणि ती बैठक धान गर्भात येण्याच्या आत व्हावी लागते.